बुधवारची पंचमी: अलिबाग ते जंजिरा एका दिवसात

ठाण्यात आमचं भिशीचं मंडळ आहे आणि मंडळाच्या सहलींची जबाबदारी माझ्या गळ्यात आहे. मुक्कामी जायचं म्हटलं की कुणाच्या सासूबाईंची औषधं आडवी येतात, कुणाच्या नातवाची परीक्षा. म्हणून आम्ही पहाटे निघून रात्री परतायच्या सहली करतो आणि त्यातही अलिबाग, रेवदंडा, काशिद, मुरूड ही रायगडची किनारपट्टी आमची लाडकी. सोबत कधी सहल कंपनीचा, नाही तर तिथलाच एखादा वाटाड्या असतो. “एका दिवसात काय डोंबल दिसतं?” असं विचारणारे घरोघरी आहेत. त्यांना माझं उत्तर एवढंच, की भरपूर दिसतं, फक्त दिवस समुद्राला विचारून लावावा लागतो. तो कसा लावायचा याचे हे अनुभवाचे बोल.

१. गावांची यादी राहू द्या, तास विचारा

सहलीच्या पत्रकावर नावांची माळ असते: अलिबाग, कुलाबा किल्ला, नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशिद, नांदगाव, मुरूड, जंजिरा आणि शेवटी ‘वेळ मिळाल्यास दिवेआगर’. वेळ मिळत नाही. दिवेआगरला जायचं तर आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढून दिघीला उतरावं लागतं. तो वेगळ्या सहलीचा विषय आहे.

अलिबाग ते मुरूड अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. पण हा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, घरांच्या अंगणांना खेटून जातो. समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं. दीड तास धरावा, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. ठाण्याहून अलिबागच शंभरेक किलोमीटर. म्हणजे उजेडातले बरेच तास गाडीतच जाणार हे आधी कबूल करून टाकावं.

त्यामुळे मी सहल कंपनीच्या आयोजकाला एकच प्रश्न विचारते: “कुठल्या गावी आम्ही गाडीतून उतरणार आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ?” खिडकीतून दाखवलेली गावंही यादीत मोजलेली असतात, ती या प्रश्नाने गळून पडतात. चार ठिकाणी नीट उतरायला मिळालं की दिवस भरला असं समजावं.

२. तारीख ठरवताना पंचांग उघडा

कुलाबा किल्ला अलिबागच्या समोर समुद्रात आहे. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला पाणी मध्ये येतं. आता भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, पण कोळी लोकांचा हिशेब त्याहून सोपा आहे. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे सहा तासांवर पूर्ण ओहोटी. हिशेब शुक्ल पक्षाला चालतो तसाच कृष्ण पक्षालाही. थोडंफार मागेपुढे होतं, पण सहल आखायला पुरतं.

आता गंमत बघा. कुलाब्याला जायला ओहोटी हवी. जंजिऱ्याला होडीने जातात, तिथे पाणी चढलेलं असलं तर बरं, धक्क्याच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या कमी उतराव्या लागतात. म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी आणि दुपारी तीनच्या आसपास भरती असा दिवस शोधायचा. हिशेब चतुर्थीवर येऊन थांबतो. पण चतुर्थीला आमच्या अर्ध्या बायकांचा उपास आणि कुलाबा किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला गर्दी. म्हणून पंचमी. त्यातही सोमवार, गुरुवार, शनिवार मासे न खाणाऱ्यांचे, मंगळवार कुणाचा तरी असतोच, शुक्रवारी देवीच्या नावाने दोघी-तिघी अडून बसतात आणि रविवारी सगळी मुंबई अलिबागला लोटते. उरला बुधवार. बुधवारची पंचमी मिळाली की मी आधी गाडी सांगते, मग बायकांना सांगते.

अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर कमी असतो. त्याला भांगाचं पाणी म्हणतात. तेव्हा ओहोटी लागूनही वाट पूर्ण कोरडी पडेलच असं नाही, मग साड्या वर खोचून चालायची तयारी ठेवावी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी लांबवर हटतं खरं, पण पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे आपल्या उपयोगाच्या वेळी नाही.

३. पावसाळा वगळा आणि नंतरही विचारून निघा

पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात आणि जंजिऱ्याच्या होड्याही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताजी सुरमई हवी असा हट्टही धरू नये. नारळी पौर्णिमेला कोळी लोक दर्याला नारळ देतात आणि त्यांचा हंगाम सुरू होतो. आपला हंगाम मात्र पाऊस पुरता ओसरल्यावर, दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत. त्यानंतर उकाडा इतका वाढतो की किल्ल्याच्या तटावर चपलेतूनही चटके बसतात.

४. रस्ता की लाँच, हे कोण सोबत आहे त्यावर ठरवा

दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांना गेटवेहून लाँच सोयीची. तासाभरात मांडवा, तिथून अलिबागची बस बहुतेक तिकिटातच धरलेली असते आणि पुढे स्थानिक गाडी करता येते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रोही सुरू झाली आहे. तिच्यात आपली गाडी चढवून नेता येते. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठी बोट जास्त मानवते, कारण लाँचवर चढताना एक पाय धक्क्यावर आणि एक हलत्या फळीवर असा क्षण येतोच.

आम्ही ठाणेकर रस्त्यानेच जातो. साडेपाचला निघायचं आणि वडखळला चहा. वडखळचा नाका ज्याने रविवारी संध्याकाळी परतताना पाहिला आहे त्याला बुधवारचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

५. दरात काय नाही ते लिहून घ्या

‘सगळं धरून’ या शब्दांत गाडी, नाश्ता, जेवण आणि वाटाड्या येतात. घोडागाडी, किल्ल्याचं तिकीट, जंजिऱ्याची होडी आणि होडीवर किल्ल्याची माहिती सांगणाऱ्याचे पैसे बहुधा वेगळे. रक्कम मोठी नसते, पण होडी सुटायच्या वेळी वीस बायकांकडून सुटे पैसे गोळा करणं हा काही सहलीचा आनंद नव्हे. मी आधीच प्रत्येकीकडून थोडे जास्त घेते आणि उरलेले परतीच्या गाडीत वाटते. घोडागाडीचा भाव जायचा-यायचा मिळून, माणशी की गाडीमागे, हे बसण्याआधी ठरवावं. परतीच्या वेळी मागे पाणी चढत असताना घासाघीस जमत नाही.

६. वाटाड्याला त्याच्या गावचं विचारा

सहल कंपनीचा माणूस आपल्याला मोजतो आणि वेळेत गाडीत बसवतो. ते काम आहेच. पण अलिबागपासून पुढे गावचा माणूस सोबत असावा. कंपनीचा माणूस म्हणेल, “ही वेधशाळा.” गावचा सांगतो, की मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, मग तिथल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा इकडे हलवली आणि १९०४ पासून इथे नोंदी होत आहेत. विजेच्या ट्राम मुंबईत धावल्या १९०७ मध्ये. आपल्या शहरातल्या ट्रामने समुद्रापलीकडच्या गावाला वेधशाळा दिली हे कळलं की तीच साधी इमारत बघायला माना वळतात.

कुलाबा किल्ल्यातही तसंच. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात तो मराठी आरमाराचं मोठं ठाणं झाला आणि १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी आत सिद्धिविनायकाचं देऊळ बांधलं. एवढं पुस्तकातही मिळतं. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, तिथे उभं राहून वाटाड्या लहानपणी जत्रेला कसे यायचे ते सांगू लागला, की बायका फोटो काढायच्या थांबतात.

दंतकथा सगळेच सांगतात: समुद्राखालचं भुयार, कधीच न तापणारी तोफ. त्या ऐकाव्यात, वाद घालू नये. माझी युक्ती वेगळी आहे. मी विचारते, “दादा, तुमचे आजोबा काय करायचे?” मग भुयार बाजूला राहतं आणि वारा, जाळी, पूर्वी मिळणारी आणि आता न मिळणारी मासळी यांवर माणूस तासभर बोलतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात कुणाच्या वाडीतले किती माड पडले, त्यानंतर पोफळी पुन्हा धरायला किती वर्षं लागतात, हे ऐकावं तर त्यांच्याच तोंडून.

७. जाताना उजवीकडे बसा

अलिबागहून दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. कोर्लई ओलांडल्यावर तो इतका जवळ येतो की गाडीतले आवाज आपोआप बंद होतात. येताना तोच डाव्या हाताला येतो, पण तेव्हा मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. म्हणून खिडकीची वाटणी आधीच करावी: जाताना ज्यांना उजवी, येताना त्यांना आतली जागा. भिशीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बायका खिडकीचा हिशेब त्याहून चोख ठेवतात.

८. दोन प्रसिद्ध किनाऱ्यांच्या मधली गावं वगळू देऊ नका

वेळ कमी पडला की आयोजक पहिला घाव घालतो तो चौल-रेवदंड्यावर. “तिथे काही नाही ताई, पडके दगड आहेत.” मी हटून बसते. चौल हे जुनं नामांकित बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथे उतरला होता, त्याची आठवण म्हणून रेवदंड्याला स्मारक आहे. पोर्तुगीज इथे दोनशे वर्षांहून जास्त काळ होते, १७४० मध्ये मराठ्यांकडे ठाणं आलं. पोर्तुगीजांचा तट आज नारळाच्या वाड्यांमधून वाट काढत जातो. कुणाच्या परसात बुरूज, कुणाच्या विहिरीमागे चर्चची भिंत.

याच पट्ट्यात मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू पिढ्यान् पिढ्या राहिले. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागेत इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग आजही आहे. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळावला आलं की पुढे कोर्लईचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची ख्रिस्ती वस्ती. पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्यांच्या भाषेतून निघालेली बोली या वस्तीत अजून घराघरांत बोलतात.

इथे प्रवेशद्वार, तिकीटखिडकी, भेळवाला काही नाही. पाऊण तास पुरतो. मंडळातल्या बायका घरी जाऊन सर्वांत जास्त बोलतात त्या याच पाऊण तासाबद्दल.

९. जेवण सकाळीच सांगून ठेवा

किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळीत माणसं आल्यावर मासळी आणत नाहीत. सकाळी किती ताटं, त्यात शाकाहारी किती, सुरमई की बांगडा, भाकरी की चपाती, हे फोनवर सांगितलं तर दीड वाजता तांदळाची गरम भाकरी, कालवण, तळलेली तुकडी आणि सोलकढी पानात पडते. न सांगता गेलात तर तास-दीड तास बाकावर बसून राहावं लागतं आणि तो तास जंजिऱ्याच्या वाट्यातून जातो.

शाकाहारींनी बटाट्याच्या भाजीवर समाधान मानू नये. आधी सांगितलं तर वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक मिळतात. पोपटी मात्र एका दिवसाच्या सहलीत मागू नये. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात कोंबून शेकायला थंडीतली निवांत संध्याकाळ लागते.

खरेदीबद्दल एवढंच: उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी घ्या, त्याला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही. सोडे, जवळा, सुके बोंबील घ्यायचे तर झाकण घट्ट लागणारा डबा घरून न्या. बंद काचांच्या गाडीत चार तास सुक्या मासळीसोबत काढल्यावर मैत्रीची परीक्षा होते.

१०. जंजिऱ्याला घाई करू नका आणि कुणाला ओढत नेऊ नका

दुपारी अडीचपर्यंत राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचावं. शिडाच्या होडीची रांग, वारा आणि आतला फेरफटका मिळून दोन तास हाताशी हवेत. होडीवाले किल्ल्यात थांबायला ठरावीकच वेळ देतात, साधारण पाऊण तास. बावीस एकरांचा किल्ला त्यात संपत नाही. म्हणून आत शिरल्यावर काय बघायचं ते आधी ठरवावं: जवळ जाईपर्यंत नजरेला न पडणारा महादरवाजा, पंज्यांत हत्ती धरलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प, कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव. तटावर चढलं की पश्चिमेला पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला आवर घालायला शिवाजी महाराजांनी तो उभारला. जंजिरा त्यांना आणि संभाजी महाराजांनाही घेता आला नाही. सिद्दींचं संस्थान थेट १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. हा सगळा डाव त्या दोन किल्ल्यांमधल्या पाण्याकडे बघताना जसा कळतो, तसा पुस्तकात कळत नाही.

होडी दरवाज्याशी हलत असते आणि उतरताना पाऊल नेमकं टाकावं लागतं. ज्यांचे गुडघे किंवा तोल साथ देत नाही त्यांनी धक्क्यावर सावलीत बसावं, शहाळं प्यावं. आम्ही अशा दोघी-तिघींची सोबत आधीच ठरवतो, म्हणजे कुणालाही आपल्यामुळे दुसरी अडकली असं वाटत नाही.

११. काशिद परतीच्या वाटेवर ठेवा

बहुतेक आयोजक काशिदला भर दुपारी बारा वाजता उतरवतात. पांढरी वाळू तेव्हा डोळे दिपवते आणि पाय भाजते. आम्ही जंजिरा आटोपून साडेपाचच्या सुमारास तिथे येतो. सुरूच्या झाडांखाली चहा, मग मावळतीपर्यंत पाण्यात उभं राहायचं. उभंच राहायचं. काशिदची ओढ जोरदार आहे आणि पोहता येणाऱ्यांनाही तिने सोडलेलं नाही. गुडघ्याच्या वर पाणी नको, हा नियम मी गाडीतच सांगते आणि वाटाड्याला किनाऱ्यावर पाण्याकडे तोंड करून उभं करते.

१२. स्वच्छतागृहाचा प्रश्न फोनवरच विचारा

बायकांची सहल असेल तर हा मुद्दा जंजिऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. पहिला थांबा कुठे, किल्ल्याआधी सोय कुठे, मुरूडच्या खानावळीत किती जणींची सोय आहे. हे विचारलं की आयोजक संकोचतो, आपण संकोचू नये. दिवसभर पाणी न पिता फिरणाऱ्या बायका दुपारी उन्हाने गळून जातात, हे मी पाहिलेलं आहे.

१३. दुसऱ्या दिवशी एक गाव निवडा

एवढं करूनही प्रत्येक गावी थोडं राहूनच जातं. ते राहणारच. अशा सहलीचा खरा फायदा हा, की मुक्कामाला कुठे यायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येतं. छायाचित्रांत सगळेच किनारे सारखे दिसतात. प्रत्यक्षात अलिबागला बाजाराची वर्दळ असते, नागावला वाड्यांची सावली, काशिदला लाटांचा आवाज आणि मुरूडला सुशेगाद संध्याकाळ. परतल्यावर दुसऱ्या दिवशी, पाय दुखत असतानाच, मी सगळ्यांना फोनवर एकच प्रश्न विचारते: “पैसे माझे नाहीत, पण दोन रात्री फुकट मिळाल्या तर कुठे राहशील?” उत्तरं कधीच जुळत नाहीत. एकीला रेवदंड्याची पडकी भिंत हवी असते, दुसरीला मुरूडच्या खानावळीतली ती काकी आणि तिची भाकरी. मागच्या खेपेला काशिद नको म्हणणारी एकजण महिन्याभराने नवऱ्याला घेऊन काशिदलाच गेली. आम्हाला कळवलं नाही, पण फोटोत तिने पंचमीच साधली होती.